सुताराचा मुलगा आणि रेणूंची ओढ

गेल्या वर्षीच्या गणेश चतुर्थीची सकाळ. आमच्या इंदूरच्या घरात मोदकपात्र गॅसवर चढले होते. आई पाऱ्या करत होती, बायको सारण भरत होती, आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर रसायनाचे पुस्तक घेऊन माझी अकरावीतली मुलगी बसली होती. आठवड्यावर तिची परीक्षा आली होती. झाकणाच्या कडेने वाफ सुटली तसे तिने मला विचारले, "बाबा, पाणी उकळलं की कुठला बॉन्ड तुटतो?"

मी राज्य सरकारच्या पाण्याशी संबंधित खात्यात नोकरी करतो. वीस वर्षे पाणी, पाइप आणि पंप यांच्यातच गेली. मी ऐटीत सांगितले, "सोपं आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनमधला."

मुलगी हसत सुटली. "बाबा, तसं असतं तर या भांड्यातून वाफ नाही, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर आले असते. आणि खाली बर्नर पेटलेला! मोदक राहू द्या, आपलं स्वयंपाकघर उडालं असतं."

माझी पंचाईत झालेली पाहून बाहेरच्या खोलीतून नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अरे, उकळताना रेणू तुटत नाहीत. रेणू सुटतात."

नाना इंदूरच्या मराठी शाळेत शिकले. मी हिंदी माध्यमात शिकलो. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. बृहन्महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत अशा तीन पिढ्या आणि तीन माध्यमे सापडतील. त्यातली गंमत अशी की मराठीत ज्याला 'अणू' म्हणतात त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात, आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला 'रेणू'. बडोद्याच्या गुजराती आणि बेळगावच्या कन्नड पुस्तकांतही हिंदीसारखेच आहे. नवव्या इयत्तेत असताना मी घरी ऐकलेला 'अणू' हिंदी पेपरात लिहिला आणि मार्क घालवले. तेव्हापासून रसायनशास्त्राशी माझे जे बिनसले ते बिनसलेच. पुढे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, नोकरी लागली. ए.एम.आय.ई.ची परीक्षा देऊन पदवीच्या बरोबरीला यायचे ठरवले होते. चार पेपर दिले, मग संसार, बदल्या आणि आळस. राहून गेले.

त्या दिवशी मात्र नानांचे ते दोन शब्द, 'तुटणे' आणि 'सुटणे', डोक्यात बसले. रेणूच्या आत अणूंना बांधून ठेवणारे बळ वेगळे, आणि एका रेणूला दुसऱ्या रेणूकडे ओढणारे बळ वेगळे. शाळेच्या पुस्तकात हे दोन परिच्छेदांत उरकलेले असते. पण माणसाला हे कळले कसे, हे पाहायला गेलो तेव्हा एका शाळामास्तराची गोष्ट हाती लागली. तीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

हट्टी वायू

वायूवर दाब दिला की तो आकसतो. दाब दुप्पट केला तर आकारमान निम्मे होते. हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केला आणि आपण सगळ्यांनी तो शाळेत पाठ केला. पण नियम जसाच्या तसा खरा मानला तर एक अडचण येते. वायू दाबत गेलो तर तो नुसता आकसतच जाईल, त्याचा द्रव कधीच होणार नाही. प्रत्यक्षात तर वाफेचे पाणी होताना आपण रोज बघतो.

१८२३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी क्लोरीन वायूचा द्रव करून दाखवला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत थंडी आणि दाब यांच्या जोरावर माहितीतले बहुतेक वायू द्रवरूप झाले. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांच्यासारखे सहा वायू काही केल्या वळेनात. व्हिएन्नाच्या नॅटरर यांनी त्यांच्यावर हवेच्या दाबाच्या हजाराहून अधिक पट दाब दिला, तरी थेंब पडला नाही. शेवटी लोकांनी त्यांना 'कायमचे वायू' असे नाव देऊन टाकले.

या कोड्याचा धागा बेलफास्टमध्ये सापडला. तिथले प्राध्यापक थॉमस अँड्र्यूज कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करत होते. १८६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर दाब देऊन त्याचा द्रव होतो. त्याच्या वर असेल तर कितीही दाबा, होत नाही. या मर्यादेला आज आपण क्रांतिक तापमान म्हणतो. आणि सर्वांत चकित करणारी गोष्ट म्हणजे या मर्यादेला वळसा घालून गेले तर वायूचा द्रव होताना मध्ये कुठेही पायरी लागत नाही. वायू कुठे संपला आणि द्रव कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही.

असे होते हे अँड्र्यूज यांनी दाखवले. का होते, हे सांगणारा माणूस मात्र त्या वेळी हॉलंडमध्ये एका शाळेत मुलांना शिकवत होता.

लॅटिन येत नाही म्हणून

योहानेस डिडरिक व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी लायडन या गावी झाला. वडील सुतार. दहा भावंडांत हे थोरले. लायडनमध्ये जुने, नावाजलेले विद्यापीठ होते. पण सुताराच्या मुलाचा आणि त्याचा संबंध येण्याचे कारण नव्हते. विद्यापीठात जायचे तर आधी लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्या शाळेतून यावे लागे, आणि तसल्या शाळा सामान्य घरातल्या मुलांसाठी नव्हत्या.

पंधराव्या वर्षी शाळा आटोपली आणि योहानेस शाळेतच शिकाऊ मास्तर झाले. नोकरी करत एकेक परीक्षा देत ते प्राथमिक शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक होण्याची पात्रताही मिळवली. १८६२ पासून ते लायडन विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या व्याख्यानांना बसू लागले. नियमित विद्यार्थी म्हणून नव्हे. बाहेरच्या माणसाला वर्षाला मोजक्या विषयांच्या व्याख्यानांना बसू देण्याची तिथे सोय होती, तिचा फायदा घेऊन. ऐकायची परवानगी होती, पदवीच्या परीक्षेला बसायची नव्हती.

१८६३ मध्ये हॉलंडमध्ये शिक्षणाचा नवा कायदा आला आणि मध्यमवर्गीय मुलांसाठी नव्या धर्तीची माध्यमिक विद्यालये निघाली. त्यांत विज्ञानाला महत्त्व होते, म्हणून भौतिकशास्त्राचे शिक्षक हवे होते. व्हॅन डर वाल्स यांनी मोकळ्या वेळात अभ्यास करून ती पात्रता मिळवली. आधी डेव्हेंटरला आणि १८६६ पासून हेग शहरात ते शिकवू लागले. हेगहून लायडन जवळ, त्यामुळे व्याख्याने पुन्हा सुरू झाली. १८६५ मध्ये लग्न झाले होते, मुले होत होती. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात अभ्यास असा क्रम होता.

त्यांच्या हाती जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांचा १८५७ मधला निबंध पडला होता. वायू म्हणजे सतत धावणाऱ्या, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा समुदाय, असे त्यात मांडले होते. व्हॅन डर वाल्स यांच्या मनात आले, वायूत हे रेणू खरे असतील तर द्रव झाल्यावर ते जातील कुठे? द्रवातही तेच रेणू असले पाहिजेत.

दरम्यान नियम बदलला. विज्ञान शिकणाऱ्यांना लॅटिन आणि ग्रीकच्या अटीतून सूट मिळाली आणि व्हॅन डर वाल्स परीक्षांना बसू शकले. १४ जून १८७३ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी लायडन विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता वायू आणि द्रव या अवस्थांमधले सातत्य.

इथे मला थांबावेसे वाटते. हा मास्तर हुशार होता, कष्टाळू होता, हे खरेच. पण दाराची कडी आतून कोणी तरी काढली तेव्हाच तो आत जाऊ शकला. ती सूट दहा वर्षे उशिरा आली असती तर? मुलांच्या वह्या तपासता तपासता किती व्हॅन डर वाल्स निवृत्त झाले असतील याचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नसतो.

झांकीची गर्दी

प्रबंधात होते तरी काय? व्हॅन डर वाल्स यांनी बॉइलच्या नियमात दोन दुरुस्त्या केल्या. त्या समजून घ्यायला इंदूरकरांनी अनंत चतुर्दशीच्या झांकीची गर्दी डोळ्यांपुढे आणावी. पोलिसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कठडे लावले आहेत आणि मध्ये माणसेच माणसे.

पहिली दुरुस्ती जागेची. रस्ता कितीही रुंद असला तरी माणसांची अंगे स्वतःही जागा व्यापतात. म्हणजे हिंडायला मोकळी जागा रस्त्याच्या मापापेक्षा कमीच. रेणूंचेही तसेच. भांड्याच्या आकारमानातून रेणूंची स्वतःची जागा वजा केली पाहिजे. समीकरणात या वजाबाकीसाठी त्यांनी 'b' हा स्थिरांक घेतला.

दुसरी दुरुस्ती ओढीची. गर्दीतली माणसे सुटी नसतात. कोणी आईचा पदर धरलेला, कोणी बापाचा हात. कठड्याशी गेलेल्या पोराला मागून घरचे ओढतात, त्यामुळे त्याचा कठड्यावरचा भार कमी पडतो. भिंतीकडे धावणाऱ्या रेणूलाही मागचे रेणू ओढून धरतात. म्हणून वायूचा दाब गणितापेक्षा थोडा कमी भरतो. गर्दी दुप्पट दाट झाली तर कठड्याशी असलेली माणसे दुप्पट होतात आणि मागून ओढणारेही दुप्पट. म्हणजे परिणाम चौपट. म्हणून ही ओढ आकारमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. तिच्यासाठी त्यांनी 'a' हा स्थिरांक घेतला.

एवढ्या दोन दुरुस्त्या केल्या आणि तेच समीकरण वायू, द्रव आणि अँड्र्यूज यांचे क्रांतिक तापमान या तिन्हींची भाषा बोलू लागले. रेणूंची धावपळ आणि रेणूंची ओढ यांची सतत झोंबाझोंबी चालू असते. धावपळ जिंकली तर वायू, ओढ जिंकली तर द्रव. क्रांतिक तापमानाच्या वर धावपळच इतकी असते की नुसता दाब देऊन रेणू थांबत नाहीत.

प्रत्येक पदार्थाचा 'a' वेगळा. पुस्तकात लिटर, बार आणि मोल या एककांत हेलियमचा 'a' सुमारे ०.०३५ दिलेला असतो, हायड्रोजनचा ०.२५, ऑक्सिजनचा १.३८, कार्बन डायऑक्साइडचा ३.६ आणि पाण्याचा ५.५. हा नुसता तक्ता बघितला तरी कोणाचा द्रव सहज होईल आणि कोण रुसून बसेल, ते कळते.

हे समीकरण तंतोतंत खरे नाही. क्रांतिक बिंदूपाशी दाब, आकारमान आणि तापमान यांचे एक गुणोत्तर ते सगळ्या वायूंसाठी ०.३७५ देते, आणि प्रत्यक्ष मोजले तर ते बहुतेक वायूंत ०.३ च्या आसपास किंवा खाली भरते. पण दिशा अचूक होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. हा प्रबंध डच भाषेत लिहिलेला होता. जी भाषा येत नाही म्हणून विद्यापीठाने त्यांना दाराबाहेर ठेवले त्या लॅटिनमध्ये नव्हे, आणि तेव्हा विज्ञानात चलती असलेल्या जर्मन, फ्रेंच किंवा इंग्रजीतही नव्हे. दुसऱ्याच वर्षी, १८७४ मध्ये, 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकात खुद्द जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचे परीक्षण लिहिले. त्यांनी काही उणिवाही दाखवल्या, पण या प्रबंधामुळे एकाहून अधिक अभ्यासकांचे लक्ष डच भाषा शिकण्याकडे वळले आहे, अशा आशयाचे उद्गारही काढले. जर्मन भाषांतर १८८१ मध्ये निघाले, इंग्रजी त्यानंतर. तोवर ज्याला गरज होती तो डचपाशी गेला.

चार सिलिंडर

हे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे आणि दूर देशातले वाटेल. पण आपल्या भोवती रोज दिसणारे चार सिलिंडर आठवा.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर हलवला तर आत डुचमळते. त्यातल्या प्रोपेन आणि ब्यूटेनचे क्रांतिक तापमान ९० अंशांच्या वर आहे, म्हणून आपल्या नेहमीच्या हवेत नुसत्या दाबाने त्यांचा द्रव होतो आणि १४.२ किलो गॅस कमरेएवढ्या सिलिंडरमध्ये मावतो. रिक्षातल्या सीएनजीचे तसे नाही. तो मिथेन, त्याचे क्रांतिक तापमान उणे ८२ अंशांच्या आसपास. टाकीत त्याच्यावर हवेच्या सुमारे २०० पट दाब असतो, तरी तो वायूच राहतो.

इस्पितळातल्या ऑक्सिजनचेही तेच. त्याचे क्रांतिक तापमान उणे ११८ अंश. म्हणूनच करोनाच्या दुसऱ्या लाटेत नुसते दाबाचे सिलिंडर पुरेनात, आणि उणे १८३ अंशांपर्यंत थंड केलेल्या द्रव ऑक्सिजनच्या टँकरची वाट सगळा देश बघत होता. नॅटरर यांना व्हिएन्नात न जमलेली गोष्ट त्या टँकरमध्ये होती.

चौथा सिलिंडर कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला, कार्बन डायऑक्साइडने आग विझवण्याचा. डिसेंबरमध्ये त्यात द्रव असतो. इंदूरचा मे महिना ३१ अंशांच्या कितीतरी वर जातो, तेव्हा त्याच सिलिंडरमध्ये धड द्रव नाही, धड वायू नाही, असे काही तरी असते. मी तो सिलिंडर वीस वर्षे रोज पाहतो आहे. त्याच्या पोटात अँड्र्यूज यांचा प्रयोग दरवर्षी होतो, हे मला आत्ता कळले.

शेवटचा हट्टी

१८७७ मध्ये व्हॅन डर वाल्स अ‍ॅमस्टरडॅमच्या नव्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ऑक्सिजनचे पहिले थेंब दिसले आणि 'कायमचे वायू' हे नाव खोटे ठरू लागले. १८८० मध्ये त्यांनी आणखी एक मोठा नियम मांडला. प्रत्येक पदार्थाचे तापमान, दाब आणि आकारमान त्याच्या स्वतःच्या क्रांतिक मापांत मोजले तर सगळे पदार्थ जवळपास एकाच तऱ्हेने वागतात. म्हणजे एका वायूवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो.

पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी क्षयाने गेली. ती चौतीस वर्षांची होती. पदरात तीन मुली आणि एक मुलगा. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांच्या हातून फारसे काही छापून आले नाही. १८९० मध्ये मिश्रणांविषयीचा सिद्धांत घेऊन ते परतले.

त्यांच्या नियमाचा उपयोग त्यांच्याच जन्मगावी झाला. लंडनला जेम्स ड्यूअर यांनी १८९८ मध्ये हायड्रोजनचा द्रव केला, तेव्हा हेलियम हा एकच हट्टी उरला. लायडनचे प्राध्यापक कॅमर्लिंग ओनेस यांनी व्हॅन डर वाल्स यांच्या सूत्रांवरून हेलियमचे क्रांतिक तापमान किती असेल याचा अंदाज बांधला, आणि १० जुलै १९०८ रोजी उणे २६९ अंशांवर द्रव हेलियम मिळवला. सगळा मिळून सुमारे ६० घनसेंटिमीटर, म्हणजे पेलाभरही नाही. सर्वांत दुबळी ओढ असलेल्या रेणूलाही ओढ असते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९१० मध्ये व्हॅन डर वाल्स यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर ते ७३ वर्षांचे झाले होते. रेणू ही नुसती गणिताची सोय आहे असे मानणारे मोठे शास्त्रज्ञ त्या काळापर्यंत होते. व्हॅन डर वाल्स यांनी आपल्या भाषणात सांगितले की रेणू खरोखरच आहेत याविषयी आपल्याला कधी शंका वाटली नाही. ८ मार्च १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

आतली गाठ आणि बाहेरची ओढ

पण ही ओढ येते कुठून? याचे उत्तर व्हॅन डर वाल्स यांच्यापाशी नव्हते. त्यासाठी आधी रेणूच्या आत डोकवावे लागले.

१९१६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातले गिल्बर्ट लुईस यांनी मांडले की दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक वापरतात आणि त्यातून त्यांच्यात बंध तयार होतो. हाच आपल्या मुलांच्या पुस्तकातला सहसंयुज बंध. तो रेणूच्या आतला. १९२० मध्ये लुईस यांच्याच विभागातले लॅटिमर आणि रोडबुश यांनी पाण्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट दाखवली. पाण्याच्या एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडेही ओढला जातो. यालाच पुढे हायड्रोजन बंध हे नाव रूढ झाले. नावात 'बंध' असला तरी तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला आहे, घरातला नाही. माझ्यासारखे अनेकजण इथेच फसतात.

ज्या रेणूंच्या एका टोकाला थोडा धन आणि दुसऱ्याला थोडा ऋण भार असतो त्यांची ओढ समजणे सोपे होते. ते काम व्हॅन डर वाल्स यांचेच विद्यार्थी केसोम आणि दुसरे डच शास्त्रज्ञ डिबाय यांनी केले. पण हेलियमला टोकेच नाहीत, अगदी गोल गरगरीत अणू. त्याला कसली ओढ?

हे कोडे फ्रिट्झ लंडन या जर्मन शास्त्रज्ञाने सोडवले. १९२७ मध्ये झुरिकला वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध पुंजयामिकीने समजावून दिला. १९३० मध्ये त्यांनीच हेलियमसारख्यांची ओढही समजावली. इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. क्षणभर ते एका बाजूला जास्त झाले की शेजारच्या अणूतले इलेक्ट्रॉनही त्या तालात सरकतात आणि दोघांत क्षणभराची ओढ तयार होते. क्षण बदलतात, ओढ राहते. रेणूच्या आतली गाठ आणि बाहेरची ओढ, दोन्हींची उकल तीन वर्षांच्या आत एकाच माणसाने केली. ते ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्यांना जर्मनीतली नोकरी सोडावी लागली. ऑक्सफर्ड, पॅरिस असे करत १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९५४ मध्ये तिथेच वारले.

मोदकपात्राकडे परत

आता माझ्या चुकीचा हिशेब. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण चार चमचे, घ्या. त्यातले सगळे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमधले बंध तोडायचे तर सुमारे ९२६ किलोजूल ऊर्जा लागेल. तेवढ्याच पाण्याची १०० अंशांवर वाफ करायला सुमारे ४१ किलोजूल पुरतात. बावीस-तेवीस पटींचा फरक! मोदकपात्राखालची शेगडी रेणूंना एकमेकांपासून सोडवते, रेणू तोडणे तिच्या आवाक्यात नाही. आणि ही वाफ मोदकाच्या थंड पारीला लागते तेव्हा रेणू पुन्हा एकमेकांना धरतात, पाणी होतात, आणि सुटताना घेतलेली ऊर्जा परत देतात. त्याच उष्णतेने पारी शिजते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जास्त लागतो, तोही यामुळेच.

ही शेजारची ओढ दुबळी म्हणून तिला कमी लेखू नये. पाण्याचा जवळचा नातलग हायड्रोजन सल्फाइड. त्याचा रेणू वजनाने पाण्याच्या जवळजवळ दुप्पट, पण त्यात हायड्रोजन बंध नावालाच. तो उणे ६० अंशांवरच उकळतो. पाण्यात ही ओढ नसती तर पाणीही शून्याच्या कितीतरी खाली उकळले असते. मग ना नर्मदा, ना पाण्याचे खाते, ना मोदक. भिंतीवरची पाल बघा. तिच्या पायाला डिंक नसतो. टोके गेको नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे ५ लाख अतिसूक्ष्म केस असतात. एकेका केसाची व्हॅन डर वाल्स ओढ नगण्य, सगळ्यांची मिळून ती पाल छताला उलटी लटकते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे २००२ मध्ये प्रयोगाने दाखवले.

हे वाचताना मला सारखी आपली आठवण येत होती. घरातली नाती ही आतली गाठ. ती सहसा तुटत नाही. पण माणसे एका गावात शे-दीडशे वर्षे टिकून राहतात ती शेजारच्या ओढीवर. आरतीला आलेला, मंडपाची दोरी धरणारा, स्मरणिकेसाठी लेख मागायला तीनदा फोन करणारा. एकेकाची ओढ किती? थोडीच. ताप वाढला की सुटणारी. आपली पोरे पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातात, त्यात तुटले काही नसते. सुटलेले असते. आणि सुटलेले पुन्हा जमते, हे मोदकाच्या पारीवरचे पाणी सांगते.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या मास्तराने जगाला नवी दृष्टी दिली ती स्वतःच्या छोट्या भाषेत. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांसारख्यांनी पदार्थविज्ञान, रसायन असे विषय मराठीत पुस्तकांतून मांडले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद तेच काम करते आहे. माझी मुलगी इंग्रजीत परीक्षा देणार, आणि ते योग्यच आहे. पण तिला जे समजले होते आणि मला समजत नव्हते ते माझ्या डोक्यात शिरले नानांच्या एका मराठी वाक्याने. 'तुटणे' आणि 'सुटणे' हा फरक आपल्या भाषेने आधीच करून ठेवला होता. मीच तो विसरलो होतो.

माझे राहिलेले पेपर आता काही व्हायचे नाहीत. पण गेले वर्षभर रविवारी सकाळी आम्ही तिघे, नाना, मी आणि मुलगी, तिच्या पुस्तकातला एकेक धडा घेऊन बसतो. ती इंग्रजीत वाचते, मी हिंदीत आठवतो, नाना मराठीत सांगतात. यंदा चतुर्थीला मोदकपात्र चढेल तेव्हा तिने तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!